एक इंचाची अक्षरं

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, ह्यूस्टनजवळच्या आमच्या उपनगरात एका गुजराती कुटुंबाचं किराणा दुकान आहे. ज्वारीचं पीठ आणि गोडा मसाला मला तिथेच मिळतो. त्यांच्या काचेच्या दारावर दुकानाच्या वेळा आणि गणपतीच्या मूर्तींची जाहिरात असायची. आता तिथे इंग्रजी-स्पॅनिशमध्ये भल्यामोठ्या पाट्या आहेत. अर्थ एवढाच, की पिस्तूल घेऊन आत येऊ नका. त्या लावायच्या की नाही, हे ठरवायला शेठना आठ महिने लागले.

माझे मामा बीडला कापडाचा धंदा करतात. परवा फोनवर म्हणाले, "तुमच्याकडं बघ, व्यापाऱ्याच्या कमरेला पिस्तूल असतं. इथं परवान्यासाठी चपला झिजल्या माझ्या." डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांची छाननी झाली, कित्येक रद्द झाले. पिस्तूल मिरवणाऱ्या पोरांचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिले. मामांचं म्हणणं, वजनदारांना परवाने मिळाले आणि साध्या माणसाला नाही, तर मग अमेरिकेसारखे सगळ्यांनाच द्या.

त्यातलं पहिलं मला मान्य आहे. दुसऱ्याचं उत्तर शेठच्या दारावर आहे.

सिनेमातल्या काउबॉयवर जाऊ नका. टेक्ससमध्ये पिस्तूल बाळगून हिंडायला १८७१ पासून बंदी होती. १९९५ च्या कायद्याने परवानाधारकांना ते कपड्याखाली लपवून नेता येऊ लागलं. उघडं लावायची मुभा मिळाली १ जानेवारी २०१६ ला. १ सप्टेंबर २०२१ पासून परवानाही लागत नाही. कायद्यातली वयाची अट पूर्ण असली, शस्त्राला मज्जाव नसला आणि उघडं लावलेलं पिस्तूल होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या म्यानात असलं की झालं. दुकानदाराला नको असेल तर नको म्हणण्याचा हक्क त्याला आहे. पण ते म्हणायचं कसं, हेही कायद्याने ठरवून दिलंय. परवानाधारक उघडं लावून आला तर एक कलम, लपवून आला तर दुसरं, विनापरवाना आला तर तिसरं, आणि प्रत्येकाची पाटी वेगळी. मजकूर कायद्यातला, अक्षर किमान एक इंच उंच, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही. पुणेरी पाटीवाल्यालाही घाम फुटेल. एवढं करून पाटी झुगारून कुणी आत आलाच, तर दंड जास्तीत जास्त २०० डॉलर. तोंडी सांगूनही हलला नाही, तर मात्र तुरुंग होऊ शकतो.

म्हणजे सांगायचं कुणी? गल्ल्यावरच्या माणसाने, समोरच्याच्या कमरेकडे बघत. शेठचं तिथेच अडलं होतं. पाटी लावली तर काही गिऱ्हाइकं तुटणार, नाही लावली तर मुलांना घेऊन येणाऱ्या बायका दुसरं दुकान शोधणार. मोठ्या कंपन्यांचीही हीच तारांबळ. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये बंदूकधाऱ्याने २३ जणांचे बळी घेतले. महिन्याभराने कंपनीने ग्राहकांना शस्त्र उघडं आणू नये असं सांगितलं, तेही विनंती म्हणून.

अमेरिकेच्याच हवाई राज्याने २०२३ मध्ये हे उलटं केलं: मालकाने हो म्हटल्याशिवाय शस्त्र आत न्यायचं नाही. त्यावरचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मला तेच बरोबर वाटतं. दुसऱ्याच्या घरी चपला घालून आत येऊ का, हे पाहुण्याने विचारायचं असतं.

कमरेला पिस्तूल लावलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो टायरच्या दुकानात. सभ्य होता, माझ्यासाठी दार धरून उभा राहिला. तरी मी नकळत लेकीला दुसऱ्या बाजूला घेतलं. त्याच्या हातून काहीच वावगं घडलं नाही, आणि गाडी तयार होईपर्यंत मी त्याच्या हातावरची नजर काढू शकले नाही. मामांना हे सांगितलं तर हसले. "तुम्ही अमेरिकेत राहून भित्र्या झालात."

मग मी विचारलं, "मामा, तुमच्या दुकानात कमरेला पिस्तूल लावून कुणी आलं, तर तुम्ही काय करता?"

थोडा वेळ पलीकडे फक्त पंख्याचा आवाज.

"काय करणार? चहा सांगतो."