‘उत्क्रांती कोणी पाहिलीय?’

बीएस्सीनंतर काय, याची चर्चा घरोघरी सुरू झाली की एक सल्ला हमखास फॉरवर्ड होतो. इव्होल्युशनरी जेनेटिक्सच्या, म्हणजे उत्क्रांतीच्या जनुकशास्त्राच्या वाटेला जाऊ नका. उत्क्रांती कोणी पाहिलेली नाही, सगळी घोकंपट्टी आहे आणि पुढे नोकरी नाही. पहिल्या मुद्द्याला तर मंत्र्यांचं पाठबळ मिळालेलं आहे. जानेवारी २०१८मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले होते, की माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेलं नाही. तिन्ही विज्ञान अकादम्यांनी मिळून ते खोडून काढलं. पण अकादम्यांची पत्रकं कोण फॉरवर्ड करतो?

तर, पाहिली आहे. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८मध्ये अमेरिकेत ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूच्या एकाच वाणापासून बारा फ्लास्क सुरू केले. रोज त्यातला शंभरावा भाग ताज्या द्रवात टाकायचा. म्हणजे दिवसाला साडेसहाहून थोड्या जास्त पिढ्या. दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवायचा. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका फ्लास्कमधले जीवाणू ऑक्सिजन असतानाही द्रवातलं सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचं रूप) खाऊन वाढू लागले. ई. कोलायला हे एरवी जमत नाही. खरी मजा त्यापुढची. गोठवलेले जुने नमुने पुन्हा वाढवून पाहिले, तेव्हा पहिल्या २०,००० पिढ्यांच्या नमुन्यांतून ही करामत काही उगवली नाही, नंतरच्यांतून उगवली. आधी काही बदल साचावे लागतात, हे कागदावर नाही, फ्लास्कमध्ये दिसलं.

घोकंपट्टीबद्दल म्हणाल, तर हा पेपर पाठांतरावर काढू पाहणारे पहिल्या अंतर्गत परीक्षेतच आडवे होतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्या. समजा, एखाद्या गटात सिकलच्या जनुकाचं प्रमाण ०.१ आहे. जनुकाच्या प्रमाणावरून माणसांचं प्रमाण काढणाऱ्या हार्डी-वाइनबर्गच्या सूत्राने २ × ०.१ × ०.९, म्हणजे शंभरात अठरा वाहक (सिकलची एकच प्रत असलेले), आणि ०.१ × ०.१, म्हणजे एक रुग्ण (दोन्ही प्रती सिकलच्या). इथवर बारावीचं झालं. विद्यापीठातला प्रश्न असा: जीवघेणं जनुक इतकी शतकं टिकलं कसं? वाहकांना मलेरिया कमी बाधतो. रुग्णांना मुलंच होत नाहीत असं धरा आणि मलेरियामुळे बिनसिकल माणसाचा टिकाव वाहकापेक्षा १० टक्क्यांनी कमी धरा. बिनसिकलचा तोटा ०.१, रुग्णाचा १; समतोल येतो पहिला भागिले दोघांची बेरीज, ०.१ भागिले १.१, म्हणजे सुमारे ०.०९. मलेरिया हटवा, आकडा पिढीगणिक घसरू लागतो. हे सूत्र स्वतः मांडता आलं नाही, तर पाठ करून काडीचा उपयोग नाही.

‘मग माकडं अजून का आहेत?’ चुलतभाऊ असला म्हणून आपण नाहीसे होत नाही, तसंच. आजची माकडं आपले पूर्वज नाहीत, भाऊबंद आहेत.

नोकरीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. नुसत्या एमएस्सीवर थेट जागा थोड्या, आणि पीएचडीची फेलोशिप वेळेवर हातात पडेल याची खात्री नाही. पण कोरोनाकाळात डेल्टा कुठून फुटला, कसा पसरला, हे विषाणूचे वंशवृक्ष मांडूनच कळलं, आणि त्याचे सुरुवातीचे नमुने महाराष्ट्रातलेच होते. बियाणांचं ब्रीडिंग आणि जेनेटिक कौन्सेलिंग (आनुवंशिक आजारांबद्दलचा सल्ला) इथेही हेच गणित लागतं. विषय घेणाऱ्याने पहिल्या सेमिस्टरपासून संख्याशास्त्र आणि ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत प्रोग्रामिंग शिकावं, त्यात कच्चं राहिलेल्यांचं मात्र पुढे अडतं.