रिख्टरची मारियान मावशी

जर्मन चित्रकार गेरहार्ड रिख्टरचं नाव निघालं की लोक आधी लिलावाच्या आकड्यांवर येतात. २०१५ मध्ये लंडनला त्याचं एक अमूर्त चित्र ३ कोटी पौंडांच्या वर गेलं, हे खरंय. पण या किमती त्याला स्वतःलाच हास्यास्पद वाटतात, तेव्हा तो विषय सोडू.

जन्म ड्रेस्डेनचा, १९३२ चा. पूर्व जर्मनीत समाजवादी भित्तिचित्रं रंगवली आणि १९६१ मध्ये, बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या थोडंच आधी, पश्चिमेला निघून गेला. तिथे घरातले फोटो रंगवायला घेतले. फोटो प्रोजेक्टरने कॅनव्हासवर पाडायचा, करड्या रंगात हुबेहूब उतरवायचा आणि रंग ओला असतानाच कोरडा ब्रश फिरवून कडा विस्कटून टाकायच्या. अनेकांना ही निव्वळ क्लृप्ती वाटते. मला नाही वाटत.

१९६५ चं ‘मारियान मावशी’ बघा. चौदा वर्षांची मुलगी, पुढ्यात तान्हं बाळ. बाळ म्हणजे रिख्टर. पुढे या मावशीला स्किझोफ्रेनिया ठरवून नाझी राजवटीने आनुवंशिक आजार रोखण्याच्या कायद्याखाली तिची नसबंदी केली आणि १९४५ मध्ये मनोरुग्णालयात तिला उपाशी ठेवून मारलं. मावशीचं चित्र काढण्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, रिख्टरने सासऱ्यांना समुद्रकिनारी सहकुटुंब हसताना रंगवलं होतं. हे सासरे एसएस या नाझींच्या निमलष्करी दलातले डॉक्टर. ड्रेस्डेनच्या त्यांच्या रुग्णालयात त्याच कायद्याखाली शेकडो बायकांच्या नसबंद्या झाल्या होत्या. जावयाला हे ठाऊकच नव्हतं! कित्येक दशकांनी एका पत्रकाराने ते खणून काढलं. आता ती दोन चित्रं शेजारी ठेवा आणि सांगा, विस्कटलेल्या कडा ही क्लृप्ती आहे का.

‘हा भूमिकाच घेत नाही’ हा त्याच्यावरचा जुना आरोप. २०१४ च्या ‘बिर्केनाउ’ या चित्रमालेमुळे तो पुन्हा वर आला. ऑशविट्झ-बिर्केनाउ या नाझी मृत्युछावणीतल्या कैद्यांनी १९४४ मध्ये जिवावर उदार होऊन चोरून काढलेले चार फोटो त्याने कॅनव्हासवर उतरवले आणि नंतर थरावर थर रंग ओढून, खरवडून पार झाकले. लेबल काढलं तर ही चित्रं कशाची हे कुणाला कळणार? हा आक्षेप मला पुरता खोडता येत नाही. म्हणून तर प्रदर्शनात शेजारी मूळ फोटोंच्या प्रती लावतात. मावशीची गोष्टही चित्राबाहेरूनच कळते, मान्य. पण गोष्ट माहीत नसतानाही त्या मुलीकडे बघत राहावंसं वाटतं, ‘बिर्केनाउ’बद्दल मी हे म्हणू शकत नाही.