बोलण्याचा सराव ड्युटीतच हवा

कोविड वॉर्डातल्या नर्सना संवादाचं दोन तासांचं ऑनलाइन व्याख्यान द्यावं, असं एका लेखात सुचवलंय. व्याख्यानाने भीड चेपत नाही. त्यापेक्षा ड्युटी बदलताना रोज दहा मिनिटं जोडीने सराव घ्या: एकीने डॉक्टर व्हायचं, दुसरीने फोन करायचा. परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज, मागणी, याच क्रमाने. "सर, बेड सात. न्यूमोनिया, दाखल होऊन चौथा दिवस. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९४ वरून ८६ वर आलंय, १५ लिटर ऑक्सिजनच्या नॉन-रिब्रीदर मास्कवर, श्वास मिनिटाला ३४. पेशंट थकत चाललाय असं वाटतं. आत्ता येऊन बघा." नवख्या सिस्टर शेवटच्या दोन वाक्यांना कचरतात, आणि नेमकी तीच महत्त्वाची असतात. वरिष्ठांनी तिथे त्यांना तोडू नये.

एन-९५ आणि फेस शील्डमधून एकोणसत्तर आणि एकोणऐंशी सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडे सुटे बोला, "सहा-नऊ", आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचे. पीपीई किटवर छातीशी मार्करने ठळक नाव लिहा. पेशंटला चेहरा दिसत नाही, निदान नाव तरी दिसू दे.

नातेवाइकांच्या फोनवर सगळ्यात घोळ घालणारा शब्द म्हणजे "स्टेबल". घरच्यांना वाटतं, माणूस बरा होतोय. "कालइतकाच ऑक्सिजन लागतोय, कमी झालेला नाही" असं सांगा. घरातला एकच माणूस आणि फोनची वेळ ठरवून घ्या. मृत्यूची बातमी मात्र एकट्या नर्सवर ढकलू नका, ती डॉक्टरांनीच द्यावी.