‘वयानुसार बदल’ लिहून आलं म्हणजे विषय संपला का?

काका नमस्कार, तुम्ही पंचवटीतले म्हणजे आमच्याच गावचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं की मी एमआरआयमधल्या खुणांची भारी भारी नावं देऊन लोकांना घाबरवते, म्हातारपणी माणूस विसरणारच, आणि ज्याला औषधच नाही त्यासाठी स्कॅनवर पैसे का घालायचे. शिवाय तुमच्या मोठ्या भावाच्या रिपोर्टात फक्त ‘वयानुसार बदल’ आलं, म्हणजे झालं.

खर्चाचं पटतं. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही म्हणून कोणी स्कॅनला पळावं असं मी म्हणत नाहीये. पण बाकीचं नाही पटत, का ते सांगते.

माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन समजून गोळ्या चालू होत्या, फरक शून्य. ते पडायचे, तेही सरळ मागे, आणि रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना एकदम थबकायचे, जेवताना ताटाबाहेर सांडायचं. लोकांना वाटायचं लक्ष नाही, पण त्यांची नजरच खाली वळत नव्हती. हे सगळं ऐकून घेतल्यावर न्यूरोलॉजिस्टनी जुनीच फिल्म परत लावली, मेंदूचा मधोमध उभा काप असतो ना तो, त्यात मिडब्रेन, म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा भाग, झिजून वरून चपटा झालेला आणि त्याच्या खालचा पॉन्स हा भाग मात्र गुबगुबीत. त्यालाच हमिंगबर्ड साइन म्हणतात, हमिंगबर्ड या लांब चोचीच्या चिमुकल्या पक्ष्यासारखी चोच आणि डोकं दिसतं म्हणून. आजार पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी), 1964 मध्ये स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी वर्णन केलेला. तो बरा होत नाही, खरंय. पण नाव कळल्यावर घरातल्या सतरंज्या निघाल्या, बाथरूमला दांडे लागले, गिळायला त्रास होतो म्हणून पाणी कसं द्यायचं ते शिकलो आणि त्यांच्यावर ओरडणं थांबलं. औषध नाही म्हणजे काहीच करायचं नाही असं नसतं काका.

दुसरं, सगळे डिमेन्शिया, म्हणजे स्मरण आणि बुद्धी ढासळवणारे आजार, विसरण्यापासून सुरू होतच नाहीत. पन्नाशीतला माणूस अचानक तुसडा होतो, नको तिथे पैसे उडवतो, आणि स्मरणशक्ती मात्र ठीक, तेव्हा कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजलाय का ते बघतात, तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. कोणी चष्म्याचे नंबर बदलत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फिरतं, डोळे चांगले असतात आणि झीज असते मेंदूच्या मागच्या बाजूला. सीजेडी (क्रॉइट्झफेल्ट-याकोब) हा दुर्मिळ आजार तर काही आठवड्या-महिन्यांत माणूस पार खचवतो, त्यात एमआरआयच्या डिफ्यूजन नावाच्या फिल्मवर मेंदूच्या कडेला रिबिनीसारखी पांढरी पट्टी उजळते. आणि मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या प्रमाणाबाहेर फुगल्यात, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही, असं असेल तर एनपीएच (नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस) असू शकतो, त्यात शंट, म्हणजे जास्तीचं पाणी काढून नेणारी नळी, टाकून काही जण खरंच सुधारतात, मग तो नुसता म्हातारपणावर ढकलून कसा चालेल?

आता तुमच्या भावाबद्दल, खरं म्हणजे यासाठीच एवढं लिहिलं. तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात की त्यांना रात्री घरात लहान मुलं दिसतात, एक दिवस छान बोलतात आणि दुसऱ्या दिवशी अगदी हरवल्यासारखे, आणि चालही हळू झालीय. मी डॉक्टर नाही, निदान करत नाही. पण लेवी बॉडी डिमेन्शियात असंच दिसतं, आणि त्यात एमआरआय बऱ्याचदा साधाच वाटतो, आठवणींचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस अल्झायमरच्या मानाने बराच शाबूत असतो. म्हणजे ‘वयानुसार बदल’ लिहून आलं तरी हा आजार नाही असं होत नाही. शिवाय स्कॅनला पाठवतानाच्या चिठ्ठीवर नुसतं ‘विसरभोळेपणा’ लिहिलं असेल तर रिपोर्ट लिहिणाऱ्याला मुलं दिसतात हे कळणार कुठून?

घाई अशासाठी, की अशा माणसाला रात्रीची बडबड थांबावी म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर अंग कडक होऊन तब्येत एकदम ढासळू शकते, जिवावरही बेतू शकतं. चालू गोळ्या मनाने बंद करू नका, पण या आठवड्यात न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्या. रिपोर्टचा कागद एकटा नको, फिल्म आणि सीडी न्या, गोळ्यांची पाकिटं न्या, आणि रात्री जे दिसतं ते वहिनींना बोलू द्या, त्यांनीच ते जवळून पाहिलंय.