पूररेषा घराच्या करारनाम्यात लिहा

खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पुण्यात दरवेळी तोच वाद पेटतो. पाणी रात्रीच का सोडलं? धरण आधीच रिकामं का नाही ठेवलं? जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हाही हेच चाललं होतं. सूचना वेळेत मिळायलाच हवी, त्यात वाद नाही. पण ‘रिकामं ठेवा’ म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. खडकवासल्याची साठवण 1.97 टीएमसी, म्हणजे 197 कोटी घनफूट; तेव्हाचा विसर्ग सुमारे 35 हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला 35 हजार घनफूट. धरणात येणारं पाणीही तेवढंच धरलं तर कोरडं ठणठणीत धरणही साडेपंधरा तासांत काठोकाठ भरतं.

अमेरिकेत टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टन शहराची धरणं तर रिकामीच असतात. 1929 आणि 1935 च्या पुरांनंतर लष्कराच्या अभियंता दलाने शहराच्या पश्चिमेला बार्कर आणि ॲडिक्स ही दोन मातीची धरणं 1940 च्या दशकात बांधली. ती ना पिण्याच्या पाण्यासाठी, ना शेतीसाठी. पाऊस आला की दरवाजे लावायचे, खाली बफेलो बायू ही संथ नदी ओसरली की हळूहळू सोडायचं. एरवी तळाशी बागा आणि खेळाची मैदानं. ऑगस्ट 2017 मध्ये हार्वे वादळात दोन्हींत मिळून जवळजवळ 17 टीएमसी पाणी साठलं, म्हणजे आठ-साडेआठ खडकवासले. तरी पुरलं नाही. एरवी दोन्हींचा मिळून विसर्ग 2 हजार क्युसेकवर रोखतात, तो 13 हजारांच्या आसपास गेला. आणि दरवाजे उघडले तेही 28 ऑगस्टला, मध्यरात्र उलटल्यावरच!

खरी गोम मात्र धरणांच्या मागच्या बाजूला, पाणी साठतं तिथे होती. ॲडिक्सच्या मागे सरकारने जमीन घेतली होती ती समुद्रसपाटीपासून साधारण 103 फुटांच्या पातळीपर्यंत. पाणी चढलं 109 फुटांवर. मधल्या सहा फुटांत वसाहती. बार्करकडे, फोर्ट बेंड काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा), काही ले-आउटच्या नकाशांवर ‘इथे धरणाचं पाणी साचू शकतं’ अशा अर्थाची ओळ छापलेली होती. पण घर घेताना ले-आउटचा नकाशा कोण वाचतो? 2019 मध्ये न्यायालयाने या मागच्या घरांच्या बुडिताची जबाबदारी केंद्र सरकारवर टाकली. त्याच वर्षीच्या 1 सप्टेंबरपासून टेक्ससमध्ये घर विकणाऱ्याला लेखी सांगावं लागतं: आधी पाणी आलं होतं का, घर पूरक्षेत्रात किंवा धरणाच्या बुडितात येतं का. आपल्याकडे उचलण्याजोगं आहे ते हे.

पूररेषेवर आंधळा भरवसा मात्र नको. हार्वेत ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीतली दीड लाखावर घरं बुडाली, त्यातली दोन-तृतीयांश 100 वर्षांच्या पूररेषेबाहेरची होती. शिवाय ‘100 वर्षांतून एकदा’ हे बोलणंच फसवं. त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता, म्हणजे 30 वर्षांत 26 टक्के. आपल्याकडची लाल पूररेषा 100 वर्षांच्या पुराची, निळी साधारणपणे 25 वर्षांच्या. तिच्या काठावर 20 वर्षांच्या कर्जाने घर घेतलं, तर कर्ज फिटायच्या आत पाणी यायची शक्यता 56 टक्के. हा आकडा कुठल्या माहितीपत्रकात दिसतो?

करारनाम्यात तीन पातळ्या मीटरमध्ये लिहिल्या तरी पुष्कळ झालं: जोत्याची, त्या जागेवरच्या निळ्या आणि लाल रेषेची, आणि याआधी पाणी चढलं होतं तिथली. वरच्या मजल्याचा फ्लॅट घेणाऱ्यांनीही ते वाचावं. मीटरची पेटी, जनरेटर आणि पाण्याचा पंप बहुतेक सोसायट्यांत पार्किंगमध्येच असतात. तिथे कमरेएवढं पाणी आलं की पाचव्या मजल्यावरही नळ आणि लिफ्ट दोन्ही बंद.