आधी स्कोअर, मग कॉलेजांची यादी

एमबीएचं डोक्यात असलेली पोरं आपल्या नागपुरात दोन टोकांची. एक फायनल इयरला कॅट, एक्सॅट, स्नॅप, सीईटी, एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा दिसेल तो फॉर्म भरतात. दुसरी मिहानला नाहीतर बुटीबोरीला नोकरी करता करता चार वर्षं सांगत राहतात, "तयारी नीट झाली की देतो ना भाऊ." कोणता स्कोअर किती काळ चालतो, हे मात्र दोघंही बघत नाहीत.

कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेचा, स्कोअर त्याच वर्षीच्या प्रवेशापुरता. यंदा जायचंच नसेल, तर यंदाच्या ९७ पर्सेंटाइलला पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही. परदेशी कॉलेजांसाठी द्यायच्या जीमॅट आणि जीआरईचा स्कोअर मात्र पाच वर्षं चालतो. त्यामुळे कॅटवाल्याचा सल्ला जीमॅटवाल्याने ऐकूच नये.

माझं मत स्पष्ट आहे. परदेशात जायचं किंवा आयएसबी (हैदराबाद-मोहालीचं बिझनेस स्कूल) डोक्यात असेल, तर जीमॅट किंवा जीआरई कॉलेजच्या शेवटच्या सेमिस्टरला नाहीतर नोकरीच्या पहिल्या वर्षात देऊन टाका. आयएसबीच्या पीजीपी या मुख्य कोर्सला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, तोवर स्कोअर पडून राहिला तर बिघडत काहीच नाही. बाविसाव्या वर्षी दिलेली परीक्षा सव्विसाव्या वर्षी अर्ज करताना चालते. त्याहून उशिरा जायचा बेत असेल तर परीक्षा वर्षभर थांबून द्या, एवढंच.

आणि हाताची सवय जाते हो! जीमॅटच्या क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, कॅल्क्युलेटर नसतो. ०.३७५ म्हणजे ३/८, हे फायनल इयरच्या पोराला विचार न करता सुचतं. पाच वर्षं एक्सेलमध्ये काढलेला माणूस तिथेच अडतो, मग पेन उचलतो, मग घड्याळाकडे बघतो. ४५ मिनिटांच्या सेक्शनमध्ये हे असं तीन-चारदा झालं की संपलंच. आता भूमिती काढून टाकली आहे, तेवढाच दिलासा.

परीक्षा लांबवणाऱ्यांची खरी फजिती अर्जाच्या वेळी होते. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कॉलेजांची अर्जांची पहिली फेरी सप्टेंबरच्या आसपास असते, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला. त्यासाठी निबंध लिहायचे, बॉसच्या मागे लागून शिफारसपत्र मिळवायचं, ट्रान्स्क्रिप्टसाठी विद्यापीठात चकरा मारायच्या. त्यातच ऑगस्टमध्ये जीमॅटची तारीख! निबंध रात्री बारानंतर लिहिले जातात आणि ते वाचताना कळतंही. स्कोअर हातात नसताना कॉलेजांची यादी करणं तर मला कधी समजलंच नाही. आकडा आल्यावर निम्मी नावं खोडावी लागतात, कधी एखादं मोठं नाव लिहायची हिंमतही येते.

म्हणून अर्जाच्या वर्षीच द्यायची असेल, तर निदान मे-जूनपर्यंत पहिला प्रयत्न व्हावा. जीमॅट पुन्हा द्यायची झाली तर मध्ये १६ दिवस जावे लागतात, आणि नुसते १६ दिवस गेल्याने स्कोअर वाढत नाही. "एकदा ट्रायल म्हणून देऊन बघतो" हे तर बोलूच नका. फी २७५ डॉलर आहे. अधिकृत मॉक, म्हणजे सराव परीक्षा, दोन फुकट मिळतात, ट्रायल तिथे घ्या.

कॅटचं गणित वेगळं, कारण तिथे तारीख आपल्या हातात नाही. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार. त्याच्या आगेमागे दिवाळी, विद्यापीठाचे विंटरचे पेपर, आणि तुळशीचं लग्न लागलं की घरोघरच्या पत्रिका. मावसभावाच्या हळदीत बसून मॉक सोडवणारे बघितले आहेत मी. नोकरीवाल्यांनी एप्रिल-मेपासूनच बसावं, नाहीतरी आपल्याकडे त्या दिवसांत दुपारी बाहेर पडवत नाही. आणि आयआयएम आता आपल्याच गावात, मिहानला आहे म्हणून कोणी गाफील राहू नये. नागपूरकरांसाठी तिथे वेगळं दार नाही.

फायनल इयरला कॅट द्यावी का? लगेच जायची तयारी असेल तर जरूर द्या, तेव्हा फॉर्म भरता येतो. दोन वर्षं नोकरी करायचीच हे ठरलेलं असेल, तर नुसती क्लासवाल्यांच्या आग्रहाखातर देऊ नका. क्लासच्या फ्लेक्सवर तुमचा फोटो लागेल, प्रवेशाच्या वेळी मात्र पुन्हा पहिल्यापासून.

घरचे म्हणतील, "आधी नोकरीत रुळू दे, परीक्षा काय पळून जाते का?" परीक्षा खरंच पळून जात नाही. पण नोकरीत रुळलेल्या माणसाला बुटीबोरीच्या बसमधून सात वाजता उतरल्यावर पुस्तक उघडायला सांगून बघा.