मनुकांचं पाणी

सकाळपासून डोकं फिरलंय. दुपारी एकदा लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. आता रात्रीचे साडेआठ वाजलेत, राग तिथेच आहे, म्हणून लिहितेच.

आईला घेऊन ठाण्याच्या नौपाड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. आईचं वय 74. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला, डॉक्टर म्हणाले सगळं छान आहे. ती खुशीत, मी तिच्याहून खुशीत. म्हटलं चल, आज तुला चांगली कॉफी पाजते. जवळच एक नवीन कॅफे झालाय, बिया तिथेच भाजतात, कोपऱ्यावर वळलं की वास येतो. नाव घेत नाही, नाव घेऊन काही होणार नाही.

आत सगळी उंच स्टुलं. आई कशीबशी चढून बसली. कॅपुचिनो आली, तिने एक घोट घेतला आणि कप ठेवायला आलेल्या मुलाला हळूच विचारलं, "थोडी साखर मिळेल का रे बाळा?" तो म्हणाला, "आंटी, ही कॉफी साखर घालून नाही प्यायची." एवढ्यावर थांबला असता तरी मी सोडून दिलं असतं. पण तो काउंटरवरच्या दुसऱ्या मुलाकडे बघून हसला, आणि आईने ते बघितलं. महिन्याभरापूर्वी तिला ते दिसलंही नसतं.

साखर मी उठून आणली. तिने घातली नाही. कप मात्र पूर्ण संपवला, कारण पानात पडलेलं ती टाकत नाही. परत येताना रिक्षा नितीन कंपनीच्या सिग्नलला थांबली तेव्हा बाहेर बघत म्हणाली, "मला कॉफीतलं काही कळत नाही गं. उगाच पैसे घातलेस."

मला कॉफीतलं काही कळत नाही! हे कोण म्हणतंय?

दिवाळीत मी चिकमगळूरच्या कॉफीचं एक पाकीट आणलं होतं. नॅचरल प्रकारची, म्हणजे फळ सोलून धुऊन न घेता गरासकट उन्हात वाळवतात आणि गराची गोडी बीमध्ये उतरते ती. मी चार दिवस पीत होते. छान आहे, फळासारखी आहे, याच्या पुढे माझी जीभ जाईना. पाचव्या दिवशी आई म्हणाली, बघू तरी काय आहे, आणि वाटीत दोन घोट घेतले. दुधाशिवाय, साखरेशिवाय. क्षणभर थांबली आणि म्हणाली, "लहान मुलांना पोट साफ व्हायला आपण मनुकांचं पाणी देतो ना, तसं लागतंय. मागून जरा जळक्या गुळासारखं."

मी पाकीट फिरवून बघितलं. मागे बारीक अक्षरात चवी छापल्या होत्या: रेझिन (म्हणजे मनुका), कॅरमल.

अंगावर काटा आला माझ्या. तिला तेव्हा ती अक्षरं दिसतही नव्हती! पन्नास वर्षं आमटी चाखून त्यात काय कमी आहे ते सांगणारी जीभ आहे ती. तिला कळणार नाही तर कोणाला कळणार?

त्या दिवसापासून आमच्या घरी रविवारची कॉफी सुरू झाली. पंधरा ग्रॅम बिया मोजायच्या, हातदळणीत दळायच्या, पाणी उकळून मिनिटभर थांबायचं म्हणजे ते नव्वद-पंचाण्णवच्या आसपास येतं, आणि कागदी गाळणीत बारीक धार धरायची. पहिल्यांदा थोडंसंच पाणी ओतायचं, पूड भिजेल इतकंच. मग ती फुगते. भाजताना बीमध्ये कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो त्याने. हे मी आईला समजावून सांगणार होते, तोवर तीच म्हणाली, "फुगतेय, म्हणजे ताजी आहे." बिया आयत्या वेळी का दळायच्या हेही सांगावं लागलं नाही. जायफळाची पूड विकत आणून ठेवलेली तिने आयुष्यात कोणाला बघितलं नाही. लागेल तेव्हा किसणीवर दोनदा फिरवायचं, नाहीतर वास उडतो. कॉफीवाले तेच सांगतात, फक्त मोठ्या आवाजात सांगतात.

एकदा मॉन्सून्ड मलबार आणली. पूर्वी शिडाच्या जहाजांतून ही कॉफी युरोपला जायची, काही महिन्यांचा प्रवास, समुद्राची दमट हवा खाऊन बिया फुगायच्या, फिकट व्हायच्या, आंबटपणा निघून जायचा. पुढे प्रवास लवकर व्हायला लागला तर तिकडच्या गिऱ्हाइकांना ती जुनी चव मिळेना. म्हणून आता पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरच्या मोकळ्या गोदामांत बिया पसरून ठेवतात आणि मुद्दाम त्यांना पावसाळी वारं लावतात. आई म्हणाली, "म्हणजे मुद्दाम सादळवलेली." एका शब्दात! मी हे लोकांना सांगायला लागले की दहा मिनिटं घेते.

आणि या बाईला साखर मागितली म्हणून हसायचं.

मला त्या मुलाला विचारायचंय, ज्यांनी जगाला कॉफी प्यायला शिकवली ते काय करतात? अरबस्तानात गहव्यात, म्हणजे त्यांच्या कॉफीत, वेलची असते. येमेनमध्ये कॉफीच्या सालीचा काढा आलं घालून पितात. इथिओपिया तर अरेबिका जातीच्या कॉफीचं माहेर, तिथे काही भागांत कॉफीत मीठ घालतात. तुर्की कॉफीत साखर आधीच घालून उकळतात, म्हणून ऑर्डर देतानाच किती गोड ते सांगावं लागतं. व्हिएतनाममध्ये ग्लासाच्या तळाशी कंडेन्स्ड मिल्क असतं. यांना कोण हसतं का? माटुंग्याच्या हॉटेलात पितळी वाटीत फेसाळ फिल्टर कॉफी येते, त्यात चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची पूड असते, साखर असते, आणि आपण तिचे फोटो काढतो. मग आमच्या घरातल्या दुधातल्या, जायफळाच्या कॉफीचंच काय एवढं वाकडं आहे? आजारातून उठलेल्या माणसाला तीच दिली, पाहुण्यांना रात्री जेवणानंतर तीच दिली, दहावीला मी पहाटे चारला उठायचे तेव्हा स्टोव्हच्या आवाजाबरोबर तिचाच वास यायचा. मराठी घरात चहा रोजचा आणि कॉफी खास. ही आपली कॉफीची रीत आहे, तिला अडाणीपणा म्हणायचं काही कारण नाही.

बरं, पहिला घोट साखरेशिवाय घेऊन बघावा, हे मान्य. दूध फार कढत केलं की त्याची गोडी जाते, तेही मान्य. पण आईने पहिला घोट तसाच घेतला होता! मी समोर बसले होते, मी बघितलंय.

थोडी शांत झाले. चहा टाकून आले. (हो, चहा. कॉफी नंतर आहे.)

तो मुलगा वीस-बावीसचा असेल. वजनकाट्यावर कॉफी मोजताना बघत होते मी त्याला, दाणा इकडचा तिकडे होऊ देत नव्हता. हातात कला आहे त्याच्या. त्याला कोणीतरी शिकवलं असणार की साखर मागणारं गिऱ्हाईक म्हणजे अडाणी. शिकवणाऱ्यावर माझा राग जास्त आहे. आणि खरं सांगायचं तर मीही काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आल्या तेव्हा आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं होतं, जायफळ नको घालूस, त्यांना आवडत नाही. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आईने किसणी परत खणात ठेवली. आज रिक्षात ते वाक्य ऐकलं तेव्हा मला ती किसणी आठवली, आणि दिवसभर तीच आठवतेय.

अजून एक. त्या पाकिटांवर चवी लिहितात त्या कोणासाठी लिहितात? ब्लूबेरी, बर्गमॉट, क्रॅनबेरी. देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते, फणसाच्या आणि सिल्व्हर ओकच्या सावलीत, मिरीचे वेल चढलेल्या झाडांखाली. सूफी संत बाबाबुदन येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले ही गोष्ट ज्या डोंगरांची सांगतात, ते आपल्या शेजारच्याच राज्यात आहेत. आणि चव सांगायची ब्लूबेरीची? आमच्याकडे आमसूल आहे, काकवी आहे, खारीक आहे, जांभूळ आहे, भाजलेल्या शेंगदाण्याचं साल आहे, पिकलेल्या करवंदाचा चीक आहे. गेल्या महिन्यात आंध्रातल्या अराकूची एक कॉफी आईने चाखली आणि म्हणाली, "कोकमाचं आगळ, पण गोडाकडे झुकलेलं." मला लगेच कळलं कसलं आंबट ते. क्रॅनबेरी लिहिलं असतं तर मला काय कळणार होतं, मी आयुष्यात ताजी क्रॅनबेरी बघितलेली नाही.

एका कपाला 280 रुपये हे महाग आहे, हो. रोज कोणी पिऊ शकणार नाही, मीही पीत नाही. पण महिन्यातून एकदा आईला तलावपाळीला एक चक्कर मारून मग कुठेतरी बसवून छान कॉफी पाजावी, तिने डोळे मिटून घोट घ्यावा आणि दोन मिनिटांनी म्हणावं, "हे कशासारखं सांगू..." ते दोन मिनिटं थांबणं मला फार आवडतं. तेव्हा ती कुठे कुठे जाऊन येते कोण जाणे. एकदा तिच्या माहेरच्या माजघरापर्यंत गेली होती, हुरड्याच्या आगटीचा वास आठवला म्हणाली. धुरकट कॉफी होती ती.

आज ती तशी थांबलीच नाही. एक घोट, साखर मागितली, आणि मग गप्प. याचाच राग आहे मला. त्या कपात काय होतं हे ती मला सांगणार होती, आणि ते आता कळणार नाही.

तर ठाणेकरांनो, एक मदत करा. गोखले रोड, राम मारुती रोड, पाचपाखाडी, वर्तकनगर, अगदी घोडबंदरपर्यंत चालेल, अशी जागा सांगा जिथे कॉफी मनापासून करतात, खुर्च्यांना पाठ आहे आणि पाय जमिनीला टेकतात. साखर मागितली तर निमूट मिळावी. पुढच्या महिन्यात पुन्हा डॉक्टरांकडे जायचंय, तेव्हा तिला तिथे घेऊन जाईन. ती नको म्हणेल, तरी नेईन.

मघाशी विचारलं तिला, कॉफी करू का? तर म्हणाली, "ती मनुकांची उरली आहे का?" शेवटचे पंधरा-सोळा ग्रॅम उरले होते. दळून ठेवलेत. आतून हाक मारतेय, पाणी उकळलं म्हणून. जाते. किसणीही काढून ठेवलीय ओट्यावर, तिला हवं असेल तर.